मीठ नसलेलं पान

आफ्रे, तुझी मोजायची पितळी चौकट माझ्या खोलीत खिळ्याला टांगलीय. मंगळवार पेठेतल्या त्याच खोलीत, जिथं तू आलीस की आधी गादीवर पाय पसरायचीस आणि मग विचारायचीस, "खायला काय हाय?" तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. काल दूधवाल्यानं विचारलं, "हुपरीची ती तुमची मैत्रीण दिसंना ती?" मी म्हटलं, "बरी हाय." तोंडातनं असंच निघालं. तो बिचारा "मग झालं" म्हणाला आणि पुढच्या दाराला गेला.

परवा शुक्रवारी आपल्या प्रकल्पाचं सादरीकरण आहे. पोस्टर छापून आलंय. तुझं नाव वर, माझं खाली. अब्बांनी सरांना विचारलंय, "माझ्या पोरीचं नाव लावत्यात तिथं मला येता येईल का?" आणि वहीतलं ते एक पान अजून तसंच आहे. मी खोटं लिहिलेलं. ते तुला ठाऊक होतं आणि मला. आता एकटीला मलाच ठाऊक आहे, आणि ते घेऊन मी परवा तुझ्या नावाखाली उभी राहणार. मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. कुणाला सांगू? ज्या बाईला सांगायचं ती तूच होतीस की.

तुला आठवतं, सगळ्या वर्गानं रंकाळा नाहीतर पंचगंगा घेतली होती? बाटलीत पाणी भरायचं, प्रयोगशाळेत आणायचं, काम खलास. सरांनी तुला विचारलं तर तू म्हणालीस, "समुद्र." सगळा वर्ग फुटला हसून. मागनं कुणीतरी ओरडलं, "कोल्हापुरात समुद्र कुटला आलाय?" तू मागं वळून न बघता म्हणालीस, "घाट उतरला की हाय." आणि माझा हात धरून वर केलास, "ही बी माझ्यासंगं हाय." मला कुणी विचारलं होतं? मी गारगोटीची, म्हशींच्यात वाढलेली. एकोणीस वर्षांची होईस्तोवर समुद्र डोळ्यानं बघितला नव्हता. तूही नव्हता बघितलास, पण ते तू मला फोंडा घाट उतरल्यावर सांगितलंस. लई शाणी.

चौकट अब्बांनी केली. अर्ध्या मीटरची, पितळी सळईची, लोखंडाची केली तर खाऱ्या पाण्यात गंजेल म्हणून. तुमच्या माडीवर पैंजणांचे ढीग पडलेले, अब्बा त्या ठोकाठोकीत एवढे बहिरे झालेले की प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. "किती मोठी?" "अर्धा मीटर, अब्बा." "जरा मोठ्यानं सांग, पोरी." सांधे जोडून झाल्यावर कानस घेऊन चारी कोपरे घासत बसले. तू म्हणालीस, "अब्बा, हे काय पायात घालायचं न्हाय. खडकावर ठेवायचंय. खडकाला काय टोचणार?" ते म्हणाले, "खडकाला न्हाय गं. खडकाखालच्या जिवाला." दीड वर्षं प्राणिशास्त्र शिकत होतो, पण ते आपल्याला सुचलं नव्हतं.

ही चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्यात सापडेल ते मोजायचं. गोगलगाई, कालवं, सगळं. एक खडक असा, जिथं गावातल्या बायका कालवं काढतात, आणि दुसरा असा, जिथं कुणी जात नाही. दोन्हींत फरक काय पडतो, एवढाच आपला प्रश्न. प्रत्येक खडकावर वरपासून खालपर्यंत पाच जागा, म्हणजे दहा. खालच्या जागा उघड्या पडायच्या त्या फक्त पुनवेच्या नाहीतर अवसेच्या मोठ्या ओहोटीला, त्याही तासभर. म्हणून त्या दिवशी एसटीनं घाट उतरायचा, समुद्राकाठच्या गावातल्या काकींच्या पडवीत पथारी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच खडकावर. आठवतंय, पहिल्याच दिवशी आपण "मी जातो", "मी बघतो" असं बोलायला लागलो तर काकी हसून हसून दाराला टेकल्या होत्या. "ह्यो चेडवां की झिल गो?" आपण म्हटलं, पोरीच हाय की, कोल्हापुरात असंच बोलत्यात.

आणि तू मोजायचीस कशी! घुंगरं ओवून ओवून तुझी बोटं तयार झालेली. पाच, पाच, पाच, अशी चिमट चालायची. माझं बारापर्यंत होतंय तोवर तुझी चौकट संपून तू ओरडणार, "लिही, वैशे! का झोपलीस?" मी लिहायची. पेन्सिलीनं, कारण शाई पसरते. वहीवर पाणी उडायचं, तुझ्या हातचं मीठ लागायचं, पानं फुगून पापडासारखी व्हायची. मी चिडायची, "आयला, नीट तर झटक हात!" तू मुद्दाम अजून शिंपडायचीस.

आता त्या पानावर येते. कितीही टाळलं तरी यायचंच आहे.

कार्तिकातल्या पुनवेला परीक्षा आली, म्हणून त्या महिन्याला अवसच उरली. लग्नसराई सुरू झालेली, अब्बांच्या अंगावर पैंजणांचं काम पडलेलं, तू घरी घुंगरं ओवत बसलेलीस. म्हणालीस, "ह्या येळी तू जा, तुझ्या भावाला घिऊन. मी पुढच्या येळी दुप्पट करतो." मी म्हटलं, व्हय. घरी फोन केला तर आई म्हणाली, "अवसंला घाट उतरायचा? डोस्कं फिरलंय का? आपल्यात जात न्हाईत." मी दोनदा समजावलं. तिनं फोन ठेवला. आणि मी, विज्ञानाची पोरगी, चंद्र कुठल्या राशीत हे न बघता पाणी किती मागं जातं हे सांगणारी, मी गेले नाही. का? आईला घाबरले म्हणून? थोडी घाबरले. पण त्याहून जास्त मला तुला सांगायची लाज वाटली, की माझी आई अवसेला घाट उतरू देत नाही. तू हसशील असं वाटलं. एवढीच, एवढीशी गोष्ट. मी ह्या गादीवर बसले, मागच्या चार खेपांचे आकडे समोर घेतले, इकडं दोन वाढव, तिकडं तीन कमी कर, असं करत पान भरलं. पेन्सिलीनंच. वर तुला फोन करून सांगितलं, "पाणी लई गार हुतं गं." चांगला अभिनय केला मी.

दहा दिवसांनी तू वही मागितलीस. ह्याच खोलीत, खिडकीशी उभी राहून पानं उलटत होतीस. एका पानाशी थांबलीस. हात फिरवलास. वास घेतलास. मग बोट जिभेला लावलंस आणि माझ्याकडं बघितलंस.

"वैशे, ह्या पानाला मीठ न्हाय."

मी म्हटलं, ह्या वेळी जपून लिहिलं. तू म्हणालीस, "आणि शेवटच्या चौकटीत अठरा गोगलगाई? तिथं भेग हाय. तिथं बारावर कधी गेल्यात?" मग मी ओरडायला लागले. चोराच्या मनात चांदणं, आफ्रे. खोटं पकडलं की माणूस आधी आवाज चढवतो. आईचं सांगितलं, अवसेचं सांगितलं, सगळं ओरडूनच सांगितलं. तू हसली नाहीस. अजिबात हसली नाहीस गं. नुसती म्हणालीस, "मग मला सांगायचं हुतंस. सरांना सांग, पान कोरं सोडू."

"एका पानानं काय समुद्र आटतोय व्हय?"

"मग लिहिलंस कशाला?"

त्यावर मी ते वाक्य बोलले. तेही लिहिते. मी म्हटलं, "तुला काय जातंय बोलायला? तुमच्यात अमावस्या न्हाय."

तू वही पिशवीत घातलीस. चपला घातल्यास. दारात थांबून म्हणालीस, "चांद आमच्यात बी हाय की, वैशे." आणि जिना उतरून गेलीस. मला वाटलं, फिरून येईल. तू नेहमी फिरून यायचीस, काहीतरी विसरलेलं न्यायला. त्या दिवशी तू काही विसरली नव्हतीस.

त्यानंतर नऊ दिवस. मी फोन हातात घ्यायची, तुझं नाव काढायची, ठेवून द्यायची. मनात म्हणायची, तिनं आधी करावा. तीच लई खरी ना, मग तिनंच करावा! पाचव्या दिवशी कळलं, तुला ताप आहे. मी म्हटलं, ताप काय, येतो आणि जातो. सातव्या दिवशी कळलं, पेशी कमी झाल्यात, कोल्हापुरात दवाखान्यात आणलंय. आठव्या दिवशी मी किवी घेतली. सगळे म्हणतात ना, पेशी वाढतात किवीनं. दवाखान्याच्या फाटकाशी गेले. वॉचमन म्हणाला, "भेटायची वेळ संपली, पण दोन मिनिटं जावा, कोण बघतंय." तो सोडत होता, आफ्रे! मीच म्हटलं, "नको, उद्या येतो." वर जाऊन तुझ्यासमोर काय तोंड दाखवू, म्हणून. पिशवी त्याच्या हातात दिली, वर पोचती करा म्हटलं. ती पोचली का नाही, मला माहीत नाही. सकाळी वर्गाच्या ग्रुपवर तुझा फोटो आला.

त्या फाटकापासून जिन्यापर्यंत किती पावलं असतील? मी नंतर जाऊन मोजली. चौतीस. एवढं अंतर मला जमलं नाही, आणि आपण घाट उतरून समुद्र मोजायला जायचो.

तिसऱ्या दिवशी जियारतीला हुपरीला आले तेव्हा अम्मींनी मला कुशीत घेतलं. मला वाटत होतं त्यांनी थोबाडीत द्यावी. त्यांनी पिशवी आणून दिली, चौकट आणि वही, "तुझीच हाय की ही बी" म्हणून. एसटीत बसून वही उघडली. ते पान तू फाडलं नव्हतंस, खोडलं नव्हतंस, त्याच्यावर काही लिहिलं नव्हतंस. त्याच्या पुढच्या कोऱ्या पानावर तुझ्या तिरक्या अक्षरात वर लिहिलेलं, "येती अमावस्या." खाली यादी. दोन पेन्सिली, बॅटरी, बिस्किटं, काकींना चिवडा. आणि सगळ्यात शेवटी, "वैशीच्या आईला मी फोन करतो."

मी एसटीत मोठ्यानं रडले. शेजारची बाई म्हणाली, "पावणं, काय झालं?"

ती येती अमावस्या आली. मी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं, पान, भांडण, फाटक, सगळं. आई चुलीशी बसलेली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "बैल गेला नि झोपा केला," आणि उठून पदर खोचला. मला वाटलं शेणाला निघाली. तर पिशवीत चटणी-भाकरी बांधायला लागली. "एकटी जाऊ नको. मी येतो." आफ्रे, माझी आई अवसेला फोंडा घाट उतरली. वळणावर डोळे मिटून माझं मनगट आवळून धरलेलं, चार दिवस वळ राहिले. पण उतरली. मी तेव्हाच तुला सांगितलं असतं आणि तू फोन केला असतास, तर महिनाभर आधीच उतरली असती का? हे डोक्यातनं जातच नाही.

काकींनी दारातनंच विचारलं, "दुसरी खंय?" मी खाली बघत राहिले. आई म्हणाली, "न्हाय आली ती." मग हळूच म्हणाली, "आता यायची न्हाय ती." काकी पडवीच्या पायरीवर बसल्या. आम्हाला चहा करायचाही राहिला त्यांचा.

सकाळी खडकावर गेले. आई वही धरून उभी, तिला लिहिता येतं पण आकडेच तेवढे बरे. मी चौकट ठेवली आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. माझी बोटं तुझ्यासारखी चालेनात. मध्येच पाणी डोळ्यात यायचं, आकडा चुकायचा, परत पहिल्यापासून. चार जागा झाल्या आणि काकी वरनं ओरडल्या, "वर येवा गो, पाणी भरूक लागला!" चार, आफ्रे. तुला दहा करायला तास लागायचा. मी पाचव्या चौकटीवर तशीच बसून राहिले. लाट गुडघ्याला आली, मग कमरेला. आईनं केस धरून ओढलं मला, "पोरी, माझ्याकडं बघ!" नसती ओढली तर मी उठले असते का, मला सांगता येत नाही. तिची नेसलेली साडी गळ्यापर्यंत भिजली. वहीही भिजली.

गेल्या आठवड्यात अब्बांकडं गेले होते. ते चौकटीबद्दल विचारत होते, सांधे टिकले का म्हणून. मध्येच म्हणाले, "तुमचं भांडण मला ठाऊक हाय." म्हणाले, "मी तिला रोज म्हणायचो, तूच कर की फोन. म्हणायची, न्हाय अब्बा, ती करंल. आधी सरांना सांगंल आणि मग मला फोन करंल, बघा तुम्ही. लई तापट हाय, पण करंल. दवाखान्यात बी फोन उशालाच ठेवला हुता."

कसलं भांडण, ते तू त्यांना सांगितलं नव्हतंस. कुणालाच सांगितलं नव्हतंस. माझ्यासाठी जागा ठेवली होतीस.

मला वाटत होतं तू रागावलीयस. मी नऊ दिवस तुझ्या रागाशी भांडत होते, आणि तू वाट बघत होतीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं गं. रागाला मी तोंड दिलं असतं.

एवढं लिहून मी सकाळी उठले होते. आता दुपारचे चार वाजलेत, परत लिहायला बसलेय. आज कॉलेजात गेले. सरांपुढं वही उघडली आणि म्हटलं, "हे पान मी खोलीत बसून लिहिलंय. आफरीनला सापडलं होतं. ती मला सांगायला सांगत होती." सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "आता? परवा सादरीकरण आहे. ती पोरगी गेली, तिच्या आठवणीसाठी तरी..." मग ते स्वतःच थांबले. पान मागं-पुढं करून बघितलं. म्हणाले, "मग निष्कर्ष उभा राहत नाही. शुक्रवारी हे जाणार नाही. नाव मागं घ्यावं लागेल." मी म्हटलं, "माझंच घ्या. तिचं राहू दे." म्हणाले, "काम दोघींचं आहे, वैशाली."

म्हणजे परवा तुझं नाव कुठं लागणार नाही. मी काय केलं बघ. आधी खोटं बोलून तुझं नाव डागाळलं, आणि खरं बोलून ते पुसलं. पोस्टर गुंडाळून कपाटामागं ठेवलंय. त्या पानावर आकड्यांवरनं एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, "मोजलं नाही." सही केली. पुढच्या पानावर तुझी यादी आहे, आणि त्याच्या पुढच्यावर माझ्या चार चौकटी. ते पान फुगलंय, पांढरं पडलंय. जीभ लावून बघितलं.

मग तुझं नाव काढलं आणि फोन लावला. नऊ दिवसांत जो लावला नाही तो. तुझा फोन आता अब्बांकडं असतो, मला माहीत होतं तेच उचलतील. मागं ठोकाठोक चालू होती.

म्हटलं, "अब्बा, मी वैशाली. आफरीनला सांगा... न्हाय, तुम्हालाच सांगतो. सरांना सांगितलं मी. ते पान खोटं हुतं, माझं हुतं, मी सांगितलं. शुक्रवारी तिचं नाव लागणार न्हाय आता. माझ्यामुळं."

मागची ठोकाठोक थांबली. मग म्हणाले, "जरा मोठ्यानं सांग, पोरी."

मला कळेना, ऐकू आलं नाही म्हणून म्हणतायत, का अजून कुणाला ऐकू जावं म्हणून. मी खिडकीशी उभी होते, तू उभी होतीस तिथंच. खाली भाजीवाल्या, रिक्षा, सगळी मंगळवार पेठ. मी ओरडून सांगितलं, आफ्रे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं. रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली.

ऐकलंस न्हवं?